कपाळावरचे दोन आकडे : पक्षाघाताच्या उपचारात मेंदूचा ऑक्सिमीटर, दीड वर्षाच्या वापरानंतर

कंपनीच्या प्रतिनिधीने प्रात्यक्षिकाच्या दिवशी स्वतःच्याच कपाळावर दोन पट्ट्या चिकटवल्या, खुर्चीत टेकून बसला आणि मिनिटभर धापा टाकल्यासारखे भराभर श्वास घेतले. पडद्यावरचा ७१ चा आकडा हळूहळू ६६ वर उतरला. बैठकीच्या खोलीतले विश्वस्त प्रभावित झाले आणि चहा येईपर्यंत खरेदी जवळपास ठरलीही. त्याच ओघात तो म्हणाला, "मॅडम, लकव्याच्या पेशंटमध्ये गुठळी निघाली की हा आकडा तुमच्या डोळ्यांसमोर उडी मारतो." त्यानंतर गेले दीड वर्ष मी हे यंत्र, म्हणजे मेंदूतील रक्तातला प्राणवायू कपाळावरून मोजणारा ऑक्सिमीटर, मेंदूतील गुठळी काढण्याच्या प्रक्रियांमध्ये वापरत आले आहे. आकड्याने उडी मारलेली मी पाहिली आहे, पण ती बहुतेक वेळा खाली, आणि गुठळीपायी नव्हे तर मी दिलेल्या भुलेपायी.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी रुग्णालयात काम करते. यंत्राचे व विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारींपैकी निम्म्या या जातीच्या प्रत्येक यंत्राला लागू आहेत आणि उरलेल्या निम्म्या कदाचित आमच्या वाट्याला आलेल्या एका नगाच्या आणि एका वितरकाच्या असतील. हृदय शस्त्रक्रियेत आणि मानेच्या धमनीच्या शस्त्रक्रियेत ही यंत्रे बऱ्याच वर्षांपासून वापरली जातात. आमच्याकडेही ते मुळात हृदयाच्या थिएटरसाठीच आले होते आणि कॅथ लॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांखाली धमनीत नळी घालण्याच्या खोलीत, नंतर शिरले. येथे मी लिहिणार आहे ते फक्त पक्षाघाताच्या वापराबद्दल.

बोटाला लावतात तो पल्स ऑक्सिमीटर नाडीच्या ठोक्यागणिक येणारे रक्त तेवढे वेगळे काढून मोजतो. त्याची कल्पना जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडली. त्याच दशकात, १९७७ साली, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखवून दिले की सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाश, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या टोकापासून थोडा पलीकडचा, कातडी आणि हाड ओलांडून मेंदूपर्यंत जातो आणि परतही येतो. कपाळावरच्या पट्टीत प्रकाश सोडणारा एक दिवा असतो आणि त्याच्यापासून साधारण ३ आणि ४ सेंटिमीटर अंतरावर दोन ग्राहक असतात. जवळच्या ग्राहकापर्यंत पोचणारा प्रकाश बहुतांशी कातडी आणि कवटीतच फिरून आलेला असतो, दूरच्या ग्राहकापर्यंत पोचणारा थोडा अधिक खोल जाऊन मेंदूच्या वरच्या थराला शिवून आलेला असतो, आणि यंत्र दुसऱ्यातून पहिला वजा करते. या मोजणीला नाडी लागत नाही. आकडा धमनी, केशवाहिन्या आणि शिरा या सगळ्यांतील रक्ताची सरमिसळ असतो आणि त्यात शिरेतील रक्ताचा वाटा ७० ते ७५ टक्के धरलेला असतो. त्यामुळे बोटावर ९८ आणि कपाळावर ६५ दिसले तरी नातेवाइकांनी घाबरण्याचे कारण नाही. मेंदूने आपल्या गरजेपुरता प्राणवायू उचलल्यावर रक्तात किती उरला, एवढेच तो आकडा सांगतो.

पक्षाघातात अशा यंत्राची ओढ वाटणे साहजिक आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा खर्च करतो. मोठी धमनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आणि आता तो प्रत्येक जनजागृती फलकावर असतो. २०१५ साली एकामागून एक आलेल्या पाच चाचण्यांनी जांघेतून नळी नेऊन गुठळी ओढून काढण्याचा उपचार पक्का केला, आणि २०१८ साली निवडक रुग्णांसाठी त्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली. रुग्ण शुद्धीत असला तर त्याचा हात हलतो का, तो बोलतो का, हे पाहून मेंदूचे कसे चालले आहे ते कळते. तो तळमळत असला, उलट्या करत असला किंवा त्याला श्वासमार्ग सांभाळता येत नसला की आम्ही पूर्ण भूल देतो, आणि मग ती एकमेव खिडकीही बंद होते. मेंदूत बारीक तार घालून प्राणवायू मोजण्याची पद्धत आहे, पण गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन नुकतेच दिलेल्या माणसाच्या कवटीला भोक पाडण्याचा विचारही कोणी करणार नाही. मानेच्या शिरेत उलट्या दिशेने नळी घालण्याचेही तेच. डॉपलर नावाच्या ध्वनिलहरींच्या तपासणीने कानशिलावरून रक्ताचा वेग पाहता येतो, पण तो पाहणारा तयार हात रात्री दोन वाजता मिळत नाही. उरते ते कपाळावर चिकटणारे हे यंत्र, ज्याला सुई लागत नाही आणि रक्तही काढावे लागत नाही.

लावायला ते खरोखर सोपे आहे, मात्र कपाळ स्वच्छ हवे. आमच्याकडे येणाऱ्या कपाळांवर कुंकू असते, अष्टगंध असतो, खंडोबाला जाऊन आलेल्याच्या कपाळावर भंडारा असतो, आणि बहुतेकांच्या केसांतून ओघळलेले तेल असते. सिस्टर स्पिरिटच्या बोळ्याने दोनदा पुसून कोरडे करतात, तेव्हा पट्टी धरते. एकदाच पुसले तर अर्ध्या तासात कोपरा सुटतो आणि आकडा भरकटतो. कुंकू पुसण्यापूर्वी शेजारी उभ्या असलेल्या सुनेला किंवा मुलीला कारण सांगावे, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो. गोंदण मात्र पुसता येत नाही. दोन भुवयांच्या मध्ये किंवा कपाळाच्या मधोमध हिरवट गोंदण असलेल्या आजीबाई अजूनही पुष्कळ येतात आणि गोंदणाची शाई प्रकाश शोषते, म्हणून पट्टी बाजूला, थोडी वर सरकवावी लागते. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत घामाबद्दल आहे, केसांबद्दल आहे, गोंदणाबद्दल एक ओळ नाही. पट्ट्यांवर हिरवे कापड टाकून वरच्या दिव्याचा उजेड अडवणे हेही आमचे आम्हीच ठरवले. सगळे मिळून दीड मिनिट लागते, आणि ते दीड मिनिट रुग्ण टेबलावर येण्यापूर्वी, सीटी स्कॅनच्या दारातच खर्चावे. जांघेत सुई घालायला तयार असलेल्या डॉक्टरला कपाळ पुसून होईपर्यंत थांबवण्याइतके हे यंत्र महत्त्वाचे नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण यंत्राचा गुण आणि दोष दोन्ही त्यात आले आहेत. साठी ओलांडलेले एक शेतकरी आजोबा, उजवी बाजू लुळी, बोलणे बंद, डाव्या बाजूची मधली मोठी धमनी तुंबलेली. भूल देण्यापूर्वी डावीकडे ५८ आणि उजवीकडे ६४ असे आकडे होते, आणि रक्तदाब १७२. अशा प्रक्रियेत मनगटाच्या धमनीत नळी घालण्यासाठी वेळ दवडायचा नाही असा आमचा शिरस्ता असल्याने रक्तदाब दंडाच्या पट्ट्यानेच, अडीच मिनिटांच्या अंतराने मोजला जात होता. मी हात आखडता ठेवून औषध दिले, श्वासनलिकेत नळी घातली आणि ती नळी बांधत असताना कपाळावरच्या यंत्राचा गजर झाला. डावा आकडा ४६, उजवा ५७. रक्तदाबाच्या पडद्यावर अजून आधीचेच १५८ दिसत होते. मी पट्टा हाताने पुन्हा फुगवला, उत्तर आले ९८. दाब वाढवणाऱ्या फेनिलएफ्रिनचा एक डोस दिला, दाब १५० च्या पुढे गेला, आणि मिनिटभरात डावा आकडा ५४ वर स्थिरावला. पट्टा त्याच्या ठरल्या वेळी फुगला असता तर मला हे आणखी मिनिट-दीड मिनिटाने कळले असते, आणि ज्या भागाला शेजारच्या बारीक वाहिन्यांतून कसेबसे रक्त मिळत होते त्याने तेवढा वेळ ९८ च्या दाबावर काढला असता.

त्यानंतर बत्तीस मिनिटांनी गुठळी निघाली, दुसऱ्याच ओढीत, अख्खी. पडद्यावर धमनीचे झाड पालवीसकट उमटले आणि गुठळी काढणाऱ्या आमच्या न्यूरोइंटरव्हेन्शनच्या सरांनी मान न वळवता विचारले, "मॅडम, वाढला का आकडा?"

"छप्पन्न," मी म्हणाले.

"आणि आधी?"

"चौपन्न."

ते हसले आणि नळी बाहेर घेऊ लागले. आजोबा तिसऱ्या दिवशी नातवाचे नाव घेऊ लागले. यंत्राला त्यातले काही कळले नव्हते.

यात आमच्या नगाचा दोष नाही. पट्टी कपाळावर बसते, तिच्याखाली मेंदूचा पुढचा भाग असतो, आणि तिला दिसतो तो वरचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा थर. मधल्या मोठ्या धमनीचे मुख्य क्षेत्र त्याच्या मागे, कानाच्या वरच्या अंगाला असते, जेथे केस असल्याने पट्टी चिकटत नाही. खोलवरचे गाभ्याचे भाग तर तिच्या टप्प्याबाहेरच आहेत आणि मागच्या धमन्यांच्या पक्षाघातात हे यंत्र लावणेच व्यर्थ. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील चमूने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात गुठळी काढताना दोन्ही कपाळबाजूंवर हीच मोजणी केली होती. विश्लेषणात घेतलेल्या ४३ रुग्णांपैकी धमनी उघडताच बाधित बाजूचा आकडा चढून टिकून राहिला असे फक्त २ रुग्ण होते. आकड्याच्या ठळक घसरणी मात्र त्यांनाही दिसल्या, त्या गुठळी निघण्याआधी, श्वासनलिकेत नळी घालण्याच्या सुमारास. प्रतिनिधीने विश्वस्तांपुढे हे दोन्ही आकडे ठेवले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

याहून फसवी गोष्ट वेगळी आहे. मेलेला मेंदू प्राणवायू वापरत नाही, आणि उरलेला प्राणवायू हेच तर हे यंत्र मोजते. म्हणजे ज्या भागाचे सर्व संपले आहे तेथे आकडा खाली असायलाच हवा असे नाही, तो चांगला दिसू शकतो आणि धमनी उशिरा उघडली असेल तर जास्तच चांगला. १९९६ साली मृतदेहांवर केलेल्या मोजणीत काही मृतांचे आकडे निरोगी जिवंत माणसांच्या पंगतीत बसणारे निघाले होते. म्हणून अतिदक्षता विभागात दोन्ही बाजू सारख्या आल्या की माझे कनिष्ठ सहकारी सुस्कारा टाकतात, तेव्हा मी त्यांना आधी स्कॅन पाहायला पाठवते.

कातडीचा प्रश्नही सुटलेला नाही. २०१२ साली निरोगी स्वयंसेवकांच्या डोक्याभोवती हवेचा पट्टा आवळून डोक्याच्या कातडीचा रक्तपुरवठा थोपवून पाहिला, तेव्हा तपासलेल्या तिन्ही बनावटींच्या यंत्रांचे आकडे उतरले, एका यंत्रात सुमारे ७ टक्के तर दुसऱ्यात जवळजवळ १७ टक्के, आणि त्या वेळी मेंदूला काहीही झालेले नव्हते. जवळच्या ग्राहकाची वजाबाकी पूर्ण होत नाही, हाच त्याचा अर्थ. भूलतज्ज्ञाला याची झळ थेट लागते, कारण दाब वाढवायला आम्ही देतो ते फेनिलएफ्रिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनालिन कातडीतील वाहिन्याही आवळते. वरच्या प्रसंगात डावा आकडा ५८ वर न परतता ५४ वर थांबला, त्यातला काही वाटा बहुधा याचा होता. दाब १५० च्या वर आणि आकडा तरीही रेंगाळलेला, असे दिसले की नवशिक्याला आणखी एक डोस द्यावासा वाटतो. तो न देण्याचा संयम यंत्रासोबत विकत मिळत नाही.

म्हणून सुट्या आकड्याला मी किंमत देत नाही. त्वचेचा रंग, काविळीचा पिवळेपणा, हिमोग्लोबिनचे कमी प्रमाण या सर्वांनी तो खालीवर होतो, आणि एका बनावटीचा ६० दुसऱ्या बनावटीच्या ६० च्या बरोबरीचा नसतो. रूढ संकेत असा की सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० टक्के घसरण झाली किंवा आकडा ५० च्या खाली गेला की कारण शोधावे. पक्षाघाताच्या रुग्णाची सुरुवातच बिघडलेल्या मेंदूने झालेली असते, त्यामुळे मी दोन्ही बाजू एकत्र पाहते. दोन्ही एकदम उतरल्या तर दाब, श्वास किंवा हृदय. एकच उतरली तर आधी पट्टीचा कोपरा, मग मान वळली आहे का ते, आणि त्यानंतरच मेंदू. दोन्ही एकदम उतरण्याचे आमच्याकडचे सर्वांत नेहमीचे कारण प्रतिनिधीने नकळत पहिल्याच दिवशी दाखवले होते. यांत्रिक श्वास जरा जास्त जोरात लावला गेला, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ३६ वरून २७ वर गेला की मेंदूच्या वाहिन्या आकसतात आणि दोन्ही आकडे पाच-सहा अंकांनी खाली येतात. श्वासांची संख्या कमी केली की ते परत येतात, औषधाचा एक थेंबही न देता. एवढ्या एका कामात यंत्राने मला कधी दगा दिलेला नाही.

प्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात ते चालू ठेवावे का, यावर आमच्यात मतभेद आहेत. धमनी उघडल्यावर दाब खाली ओढण्याचा मोह पूर्वी सर्वांनाच असे. २०२२ साली चीनमधील मोठ्या चाचणीत वरचा दाब १२० च्या खाली आणलेल्या रुग्णांचे, तो १४० ते १८० मध्ये ठेवलेल्यांपेक्षा वाईट झाले आणि चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. त्यामुळे दाबाची मर्यादा आता कागदावर ठरलेली आहे, आणि कपाळावरचा आकडा ६४ आहे म्हणून ११५ चा दाब चालवून घेणे मला मान्य नाही. या आकड्याच्या आधारे उपचार बदलल्याने गुठळी काढलेल्या रुग्णांचे अधिक भले होते, असे सिद्ध करणारी मोठी चाचणी झालेली नाही. अकाली जन्मलेल्या १६०१ बाळांवर २०२३ साली झालेल्या चाचणीत तर पहिल्या तीन दिवसांत असे मोजमाप करून उपचार केल्याने मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही. बाळे वेगळी आणि पक्षाघाताचे आजोबा वेगळे हे खरे, परंतु विक्रेते बाळांचे फोटो माहितीपत्रकावर छापतात, तेव्हा हा निकालही छापावा.

आता नगाबद्दलच्या तक्रारी. बॅटरी पूर्ण भरल्यावर दोन तास चालेल असे सांगितले होते. आठव्या महिन्यात ती लिफ्टमध्येच संपली, यंत्र पुन्हा चालू झाले आणि सुरुवातीचा आकडा पुसला गेला. तो आकडा गेला की उरलेल्या आलेखाला अर्थ राहत नाही, आणि तो जपून ठेवण्याची सोय दुसऱ्या पडद्यावर, तिसऱ्या कळीखाली दडवलेली आहे, म्हणून आम्ही तो आता भुलेच्या कागदावर पेनने लिहितो. यंत्राचे घड्याळ कॅथ लॅबच्या घड्याळापेक्षा चार मिनिटे मागे होते आणि ते लावायला अभियंत्याचा पासवर्ड लागतो. एका बाजूच्या वायरच्या जोडाची टाचणी वाकली तेव्हा नवी वायर यायला तीन आठवडे लागले, आणि तेवढे दिवस आम्ही दोन आकड्यांचे यंत्र एका आकड्यावर चालवले. क्ष-किरणांच्या चित्रात पट्टीची सावली येते. हाडे वजा करून फक्त रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या चित्रात ती नाहीशी होते, पण रुग्ण हलला की नेमकी पाहायच्या वाहिनीवर येऊन बसते, आणि सर रागावतात ते माझ्यावर.

खर्चाचे गणित पट्ट्यांपाशी अडते. यंत्र एकदाच घ्यायचे, पट्ट्यांची जोडी मात्र प्रत्येक रुग्णाला नवी, आणि आमच्याकडे तिचे बिल पाच आकडी होते. औषधे, नळ्या आणि गुठळी पकडणारा जाळीचा सांगाडा यांचा खर्च ऐकून आधीच पांढऱ्या पडलेल्या मुलाला हा आकडा सांगणे मला जड जाते, आणि कोणी पट्टीचा उपयोग विचारला तर "गुठळी निघाल्याचे कळते" असे उत्तर आमच्यातील कोणी देऊ नये, असे मी बजावले आहे. वापरलेली पट्टी पुसून वरून चिकटपट्टी लावून पुन्हा वापरण्याचे प्रयोग ठिकठिकाणी होतात. आम्हीही एकदा केला. डावीकडे ९५ असा, कोणत्याही मेंदूत न दिसणारा आकडा स्थिर राहिला, आणि तो प्रयोग तेथेच संपला.

हृदयाचे थिएटर असलेल्या आणि पक्षाघाताचे रुग्ण पूर्ण भुलेखाली घेणाऱ्या रुग्णालयात हे यंत्र असावे. फक्त पक्षाघातासाठी, कर्ज काढून, ते घेऊ नये. ज्या ठिकाणी कार्बन डायऑक्साइड मोजणारा मॉनिटर जुना आहे आणि रक्तदाबाचा पट्टा एकच, तेथे आधी ही दोन साधने सुधारून घ्यावीत. मला या यंत्राने जे सांगितले त्यातले बरेचसे तीच दोन साधने नीट आणि वेळेवर पाहिली असती तरी कळले असते.

गेल्या महिन्यात व्यवस्थापनाने कॅथ लॅबसाठी असेच स्वतंत्र दुसरे यंत्र घ्यावे का असे लेखी विचारले. मी नको म्हणून कळवले आणि त्याऐवजी दोन गोष्टी मागितल्या : धमनीचा दाब सतत मोजणारा एक संच टेबलाशी कायम जोडलेला असावा, म्हणजे वेळ न दवडता जांघेतल्याच नळीवरून दाब घेता येईल, आणि पट्ट्यांच्या सहा जोड्या सीटी स्कॅनच्या दाराशी, स्पिरिटच्या बोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवाव्यात. पट्ट्या आल्या आहेत. संचाची फाइल अजून फिरते आहे.